पीसीएनएलनंतरची कळ: पाठीतला ब्लॉक कुठे, किती आणि कशासाठी?

पाठीराखा

पाठीतून दुर्बीण घालून मुतखडा काढला, म्हणजे पीसीएनएल झाली, की रिकव्हरीत डोळे उघडल्यावर पेशंट दोनांपैकी एक वाक्य बोलतो: 'कमरेत ठणकतंय' किंवा 'लघवीला लागलीय, सोडा मला'. या दोन तक्रारी वेगवेगळ्या नसांच्या आहेत. पाठीतला ब्लॉक (नसा बधिर करणारं इंजेक्शन) पहिलीवर चालतो, दुसरीवर जवळजवळ नाहीच. हे न कळल्यामुळे चांगला बसलेला ब्लॉकही 'फेल' म्हणून केसपेपरवर लिहिला जातो. म्हणून हा धागा. (कुळथाचं कढण आणि पानफुटी यांचे धागे वेगळे आहेत, तिथे जा.)

आधी दुखणं कुठून येतं ते पाहू. नेहमीच्या पीसीएनएलमध्ये शीथ, म्हणजे दुर्बीण आत घालायची नळी, २४ ते ३० फ्रेंचची असते. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलीमीटर, म्हणजे त्वचा, स्नायू, किडनीचं आवरण आणि गर यांतून ८ ते १० मिमीचं भोक. त्वचा आणि स्नायूंची संवेदना साधारण टी १० ते टी १२ नसांतून जाते (टी म्हणजे छातीचे, एल कमरेचे, एस त्याखालचे मणके). खुद्द किडनीची बोथट, मळमळ आणणारी कळ सिम्पथेटिक धाग्यांबरोबर टी १० ते एल १ पर्यंत पोचते. मूत्राशयाचा तळ आणि कॅथेटरची (लघवीच्या नळीची) बोच मात्र एस २ ते एस ४ कडे जाते. टी १० ला दिलेलं औषध तिथवर उतरत नाही.

आता ईएसपी, म्हणजे इरेक्टर स्पायनी प्लेन ब्लॉक: पाठीच्या उभ्या स्नायूखाली, हाडावर औषध सोडायचं. २०१६ मध्ये फोरेरो आणि सहकाऱ्यांनी तो छातीच्या नसांच्या दुखण्यासाठी मांडला, मग सगळीकडे पसरला. पेशंट पालथाच असतो, ही पीसीएनएलची सोय.

सोनोग्राफीचा प्रोब उभा धरायचा, मणक्याच्या मधल्या रेषेपासून साधारण ३ सेमी बाहेर, टी ९ किंवा टी १० च्या पातळीवर. बारीक अंगाच्या माणसाला सरळ प्रोब पुरतो, जाड पाठीला वक्र घ्या. ट्रान्सव्हर्स प्रोसेस (मणक्याचा आडवा फाटा) सापडली की २२ गेजची १०० मिमी सुई वरून खाली, प्रोबच्या रेषेत. टोक हाडाला टेकलं की २ मिली सलाइन सोडून पाहा. स्नायू हाडावरून चादरीसारखा लांबच लांब उचलला गेला पाहिजे. सुईच्या टोकाभोवती गोल फुगा दिसला तर तुम्ही स्नायूच्या आत आहात. औषध तिथे वाया जाईल. मिलीमीटरभर पुढे जा आणि पुन्हा पाहा.

मग २० मिली, दर ५ मिलीला सिरिंज मागे ओढून रक्त येत नाही ना बघत. बधिर करणारं औषध बुपिव्हॅकेन ०.२५ टक्के किंवा रोपिव्हॅकेन ०.२ ते ०.३७५ टक्के. या जागेत नस दिसत नाही, औषध पसरण्यावरच सगळा खेळ आहे. त्यामुळे १० मिली तीव्र औषधापेक्षा २० मिली सौम्य औषध बरं.

तिसरं_वर्ष

सर, दोन गोष्टी. पालथ्या आणि निम्म्या झाकलेल्या पेशंटमध्ये टी १० मोजायचा कसा? आणि सोनोग्राफीत बरगडी आणि ट्रान्सव्हर्स प्रोसेस यांत घोळ होतो.

पाठीराखा

मोजणी खालून करा. बाहेरच्या बाजूला प्रोब ठेवून बारावी बरगडी शोधा, तिचा माग काढत मणक्यापर्यंत या, तिथून एकेक वर चढा. बारावी बरगडी काहींची इतकी आखूड असते की अकरावीलाच बारावी समजलं जातं. सीटी स्कॅन प्रत्येक पीसीएनएलच्या पेशंटचा असतोच, तो थिएटरात लावलेला असतो, एकदा नजर टाका. एका मण्याची चूक झाली तरी ईएसपीत आभाळ कोसळत नाही, कारण औषध वरखाली काही मणके पसरतं.

बरगडी आणि प्रोसेसचं सांगायचं तर प्रोब मधल्या रेषेपासून हळूहळू बाहेर सरकवत न्या. आधी लॅमिना (मणक्याची मागची पाती): करवतीच्या दात्यांसारखी सलग रेष. मग ट्रान्सव्हर्स प्रोसेस: चौकोनी, रुंद, खाली काळी सावली. आणखी बाहेर गेलात की गोल, अरुंद कमानी आणि दोन कमानींच्या मध्ये श्वासाबरोबर सरकणारी चकाकती रेघ. ती रेघ म्हणजे फुप्फुसाचं आवरण. ती दिसली की तुम्ही बरगडीवर आहात, मागे या.

खडेफोड

शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या बाजूने बोलतो. मिनी पीसीएनएल झाली, शीथ २० फ्रेंचच्या आत, आणि किडनीतून बाहेर लघवी काढणारी नळी ठेवलीच नाही, तर एवढ्या सोपस्काराची गरज मला वाटत नाही. ट्रॅक्टमध्ये (शीथने पाडलेल्या पाठ ते किडनी या वाटेत) औषध भरलं की काम भागतं.

आमची पद्धत: शेवटी २३ गेज ९० मिमीची स्पायनल सुई, सी-आर्मखाली (थिएटरातला एक्स-रे) किंवा सोनोग्राफीवर, ट्रॅक्टच्या कडेने घड्याळाच्या बारा आणि सहा या जागांवर. किडनीच्या आवरणापर्यंत जायचं आणि सुई मागे घेत घेत प्रत्येक बाजूला १० मिली ०.२५ टक्के बुपिव्हॅकेन सोडायचं. आवरणापाशी थोडं थांबून २–३ मिली द्या, तिथेच खरी नस आहे. नुसती कातडी बधिर करून 'लोकल दिलं' म्हणणाऱ्यांना फरक का पडत नाही, याचं उत्तर एवढंच.

नळीमुळे दुखणं किती वाढतं हेही ध्यानात घ्या. २२ फ्रेंचची नळी बरगडीला घासत असेल तर प्रत्येक श्वासाला टोचते. रक्तस्राव, उरलेले खडे, पू असं कारण नसेल तर बारीक नळी ठेवा किंवा ठेवूच नका. वेदना कमी करायचा हाही एक 'ब्लॉक'च.

पाठीराखा

खडेफोड सर, मिनी आणि बिननळीच्या केसला तुमचं म्हणणं मान्य. बाराव्या बरगडीच्या वरून पंक्चर, दोन ट्रॅक्ट, जाड नळी यांपैकी काही असेल तर मात्र मी ब्लॉक देईन.

पण एक विनंती: भरलं की आम्हाला सांगा. हिशेब बघा.

पेशंट ५५ किलोचा. साध्या बुपिव्हॅकेनची मर्यादा किलोला २ मिग्रॅ धरली तर ११० मिग्रॅ. तुम्ही ट्रॅक्टमध्ये बाटलीतलं ०.५ टक्क्याचं २० मिली तसंच घातलं तर १०० मिग्रॅ तिथेच संपले. मी त्यावर ०.२५ टक्क्याचं २० मिली ईएसपीत दिलं तर आणखी ५० मिग्रॅ. बेरीज १५०. दोघांनीही आपापल्या परीने 'एकच बाटली' वापरली, आणि पेशंट मर्यादेच्या ४० मिग्रॅ वर गेला.

०.५ टक्के म्हणजे मिलीत ५ मिग्रॅ. १० मिली औषध आणि १० मिली सलाइन मिळून २० मिली ०.२५ टक्के होतं, म्हणजे ५० मिग्रॅ. थिएटरच्या फळ्यावर स्वॅबच्या मोजणीशेजारी बधिरीकरणाच्या औषधाचे मिलीग्रॅम लिहायला जागा ठेवा. आणि स्पायनलची (कण्यातल्या भुलीची) 'हेवी' बुपिव्हॅकेन ब्लॉकला वापरू नका, त्यात डेक्स्ट्रोज असतं. अँप्युल आणि बाटली शेजारी ठेवली की हा गोंधळ होतोच होतो.

थेंबथेंब

ईएसपीचं कौतुक जरा जास्तच चाललंय असं माझं मत. प्रेतांवरच्या रंगद्रव्याच्या अभ्यासांत औषध पुढे पॅराव्हर्टेब्रल जागेत (मणक्याशेजारी, जिथून नसा बाहेर पडतात) कधी पोचतं, कधी पोचत नाही. पाठीच्या मागच्या फांद्या बधिर होतात, पण किडनीची आतली कळ तशीच राहते असे पेशंट दिसतात. चाचण्यांत ब्लॉक न दिलेल्यांपेक्षा पहिल्या दिवशी मॉर्फिन-ट्रामाडॉल कमी लागतं हे खरं, पण त्यातल्या बहुतेक चाचण्या लहान आहेत.

खात्रीचं काम हवं तर पॅराव्हर्टेब्रल. टी १० किंवा टी ११ ला एकच टोचणी १५ ते २० मिली, नाहीतर टी १०, ११, १२ ला प्रत्येकी ५ मिली. सोनोग्राफी नसलेल्या ठिकाणी: मधल्या रेषेपासून २.५ सेमी बाहेर, सुई ट्रान्सव्हर्स प्रोसेसला टेकवायची, खोली नोंदवायची, मग प्रोसेसच्या खालून जेमतेम १ सेमी पुढे. १.५ च्या पुढे कधीच नाही. सुईवर रबरी खूण लावा, डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नका. सोनोग्राफी असेल तर औषध जाताना फुप्फुसाचं आवरण खाली दबलेलं दिसतं, तीच पावती.

पाठीराखा

दबलेलं आवरण दिसलं की बरं वाटतं हे कबूल. पण पीसीएनएलमध्ये पॅराव्हर्टेब्रलला एक खास पेच आहे. पंक्चर बाराव्या बरगडीच्या वरून असेल तर फुप्फुसाचं आवरण त्याच वाटेवर असतं, अकरावीच्या वरून तर जास्तच. रिकव्हरीत ऑक्सिजन ९० टक्क्यांपर्यंत उतरला तर दोष सुईचा की शीथचा? सलाइन छातीत गेलंय की हवा?

छातीवर प्रोब ठेवा. डायफ्रामच्या (छाती-पोटामधल्या पडद्याच्या) वर काळं पाणी दिसलं तर धुण्याचं सलाइन वर गेलंय. पुढच्या बाजूला, दुसऱ्या-तिसऱ्या बरगडीच्या फटीत, आवरण सरकत नसेल तर हवेचा संशय घ्या. एक्स-रे येईपर्यंत दोन मिनिटांत दिशा कळते.

दोन्ही बाजूंची जोखीम बघता सरसकट पीसीएनएलला मी ईएसपी आणि चांगली गोळ्या-इंजेक्शनांची जोड घेईन. पॅराव्हर्टेब्रल ज्याचा हात बसलाय त्याने, आणि पंक्चर खालून असेल तेव्हा.

तिसरं_वर्ष

रक्त पातळ ठेवणाऱ्या क्लोपिडोग्रेलवर असलेल्या पेशंटला काय?

थेंबथेंब

क्लोपिडोग्रेल चालू असताना ठरवून करायची पीसीएनएलच खडेफोड सर करणार नाहीत, त्यामुळे ब्लॉकचा प्रश्न बहुधा येतच नाही. ते ५ ते ७ दिवस आधी बंद झालेलं असतं. प्रश्न येतो हेपरिनचा. पॅराव्हर्टेब्रलला आणि क्वाड्रेटस लंबोरम या कमरेच्या स्नायूच्या पुढच्या बाजूला दिलेल्या ब्लॉकला स्पायनलचेच नियम: एनॉक्सापॅरिनच्या (हेपरिनचाच प्रकार) प्रतिबंधक डोसनंतर १२ तास, उपचाराच्या डोसनंतर २४ तास. ईएसपी वरवरचा आणि दाबता येण्याजोगा, तिथे थोडी मोकळीक आहे. एकट्या अ‍ॅस्पिरिनमुळे ब्लॉक टाळू नका.

खडेफोड

क्वाड्रेटसचा विषय निघालाच आहे तर सांगतो, तो ब्लॉक माझ्या केसला देताना जरा जपून. क्वाड्रेटस लंबोरमच्या अगदी पुढे काय आहे? किडनीचा खालचा ध्रुव. ऑपरेशननंतर त्या भागात सलाइन झिरपलेलं असतं, कधी रक्ताची गुठळी असते. तुमचं ते तीन पानांचं चित्र, सोआस, क्वाड्रेटस आणि इरेक्टर, अशा वेळी ओळखूही येत नाही.

पाठीराखा

अगदी. द्यायचाच तर ऑपरेशनच्या आधी, चित्र स्वच्छ असताना. आणि एका बाजूच्या मांडीची ताकद गेली तर घाबरू नका, औषध लंबर प्लेक्ससपर्यंत (पायाकडे जाणाऱ्या नसांचं जाळं) पोचलंय. पण पेशंटला एकट्याने बाथरूमला सोडू नका. गुडघा सरळ करून धरता आला की मगच उभं करायचं.

आधी द्यायचा की शेवटी, हा प्रश्न ईएसपीलाही आहे. मूत्रवाहिनीत कॅथेटर घालून पेशंट पालथा केला, की सर्जन हात धुऊन येईपर्यंत मधली सात-आठ मिनिटं मिळतात. तेव्हा दिला तर ऑपरेशनमध्ये फेंटानिल (कडक वेदनाशामक) कमी लागतं आणि जागं होताना ब्लॉक पूर्ण चढलेला असतो. चढायला २०–३० मिनिटं लागतात. सिरिंजमधली हवा काढून टाका, नाहीतर बुडबुड्यांमागे सोनोग्राफीचं पंक्चर दिसत नाही म्हणून शिव्या खाल. शेवटी दिला तर रात्र जास्त निभावते. लांबणारी केस असेल तर शेवटी.

रात्रपाळी

रात्रीचं तुम्ही डॉक्टर मंडळी फारसं बघत नाही, म्हणून वॉर्डाकडून लिहिते. ब्लॉक दुपारी एकला दिला असेल तर तो रात्री नऊ ते एकच्या मध्ये उतरतो. पेशंट संध्याकाळी हसत गप्पा मारत असतो, त्यामुळे 'दुखत नाही, पॅरासिटामॉल कशाला' म्हणून संध्याकाळचा डोस चुकतो. मग साडेबाराला कळ एकदम अंगावर येते आणि ट्रामाडॉल, उलटी, पुन्हा कळ असं चक्र सुरू होतं. म्हणून हँडओव्हरच्या कागदावर ब्लॉकची वेळ आणि बाजू लिहून द्या. 'ब्लॉक गिव्हन' एवढ्यावर काही करता येत नाही.

दुसरं, 'दुखतंय का?' असं विचारायचं नाही. 'बोट ठेवून दाखवा' म्हणायचं. पाठीच्या ड्रेसिंगवर बोट ठेवलं, खोकताना वाढतंय: ट्रॅक्ट. ओटीपोटावर हात, सारखं लघवीला लागल्यासारखं: फोली कॅथेटर. कॅथेटर काढल्यावर लघवी करतानाच कमरेत सणक वर जाते: डीजे स्टेंट (किडनी ते मूत्राशय अशी आतली नळी), मूत्राशयातली लघवी त्यातून उलटी चढते. खांद्याच्या टोकाला: डायफ्राम, छातीकडे बघा. मान-खांदा जड: दीड-दोन तास पालथं झोपवल्याचं.

पाठीराखा

सिस्टर, हा प्रतिसाद छापून वॉर्डात लावण्याजोगा आहे. त्यावर औषधं जोडतो.

पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर सहा तासांनी, घड्याळाप्रमाणे, मागितल्यावर नाही. ५० किलोच्या खाली किलोला १५ मिग्रॅ. भूल देताना डेक्सामेथासोन ८ मिग्रॅ शिरेतून: मळमळीला उपयोगी आणि ब्लॉकही जरा लांबतो. मधुमेही असेल तर रात्रीची साखर तपासा. डायक्लोफेनॅक ७५ मिग्रॅ उत्तम चालतं, पण क्रिएटिनिन वाढलेलं, एकच किडनी, रक्तस्राव किंवा तापाचा पेशंट यांत नको. मुतखड्याच्या पेशंटला ही कारणं बरेचदा लागू पडतात, म्हणून तर ब्लॉकचं महत्त्व. ट्रामाडॉल ५० मिग्रॅ, सावकाश, राखीव म्हणून. स्टेंटच्या त्रासाला टॅम्सुलोसिन ०.४ मिग्रॅ, लघवीच्या घाईला सॉलिफेनासिन किंवा मिराबेग्रॉन. तिथे ट्रामाडॉल ओतत बसू नका.

तिसरं_वर्ष

पूर्ण केसच स्पायनलवर केली तर ब्लॉकची गरज राहते का?

थेंबथेंब

केस स्पायनलवर चालते. ०.५ टक्के हेवी ३ ते ३.५ मिली, पातळी टी ६ पर्यंत चढलेली आणि स्थिरावलेली हवी, मगच पालथं करा. कमी चढली तर किडनीत सलाइनचा दाब वाढताच पेशंट घामाघूम होतो आणि नाडी मंदावते. धुण्याचं पाणी आधी थांबवायला सांगा, मग अ‍ॅट्रोपिन. वेळेची मर्यादा दोन-अडीच तास; शाखाशाखांत पसरलेला खडा असेल तर पूर्ण भूलच बरी. स्पायनल उतरल्यावर कळ येतेच, त्यामुळे शेवटी ईएसपी किंवा ट्रॅक्टमध्ये औषध हवंच. काही जण स्पायनलमध्येच १०० मायक्रोग्रॅम मॉर्फिन घालतात. रात्र छान जाते, पण खाज येते, आणि श्वास उशिरा मंदावू शकतो, म्हणून २४ तास दर तासाला श्वास आणि गुंगी मोजणारं माणूस लागतं. रात्री एका सिस्टरकडे ४० खाटा असतील तर तो पर्याय सोडून द्या. आणि मॉर्फिन प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलंच.

तिसरं_वर्ष

औषध रक्तात चढलं तर पूर्ण भुलीतल्या पेशंटमध्ये कळणार कसं? तोंडाला धातूची चव, कानात आवाज हे तो सांगणारच नाही.

पाठीराखा

सांगणार नाही, म्हणून ईसीजीवर डोळा. ईसीजीतली क्यूआरएस लाट रुंदावणं, नाडी मंदावणं, अचानक पडलेलं बीपी. ब्लॉकनंतर किमान ३० मिनिटं मॉनिटर काढू नका, शेवटी दिला असेल तर रिकव्हरीतही. औषधात मिलीला ५ मायक्रोग्रॅम अ‍ॅड्रेनालिन असेल तर शिरेत गेलेलं नाडी धावण्यावरून लगेच कळतं.

झालंच तर: मदत बोलवा, पेशंट उताणा, १०० टक्के ऑक्सिजन, झटके आले तर मिडाझोलम. २० टक्क्यांचं लिपिड इमल्शन (चरबीचं दुधाळ द्रावण) किलोला १.५ मिली दोन-तीन मिनिटांत, मग मिनिटाला किलोमागे ०.२५ मिली. ५५ किलोच्या माणसाला म्हणजे ८२ मिली एकदम आणि मग मिनिटाला साधारण १४ मिली. एकूण किलोला १२ मिलीच्या वर नाही. नाडी-बीपी स्थिर झाल्यावरही १५ मिनिटं चालू ठेवा. अ‍ॅड्रेनालिन लहान डोसांत, किलोला १ मायक्रोग्रॅमपर्यंत. भुलीचं प्रोपोफॉल पांढरं आहे म्हणून लिपिडच्या जागी चालत नाही. त्यात चरबी थोडी आणि बीपी पाडणारं औषध भरपूर. लिपिडची बाटली थिएटरातच हवी. फार्मसीच्या कुलपात असलेली बाटली नसल्यातच जमा.

रात्रपाळी

एक शेवटचं विचारते. पीसीएनची (किडनीतून पाठीबाहेर काढलेली) नळी क्लॅम्प केल्यावर, म्हणजे चिमट्याने बंद केल्यावर, कमरेत दुखलं तर अडथळा समजायचा, हे आम्हाला शिकवलंय. ब्लॉक असताना हे कळेल का?

खडेफोड

नेमका प्रश्न. पहिल्या दहा-बारा तासांत कदाचित कळणार नाही. म्हणून क्लॅम्पची चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी, ब्लॉक उतरल्यावर. अपवाद शिरेतल्या रक्तस्रावाचा: तिथे आम्ही मुद्दाम क्लॅम्प लावतो, आत गुठळी धरून दाब बसावा म्हणून. तसं असेल तर नळीवर चिकटपट्टीने 'उघडू नका' आणि वेळ लिहून ठेवू. ती चिठ्ठी नसेल तर नळी मोकळीच असली पाहिजे.

ब्लॉकमध्ये दुखणं दबलेलं असताना बाकीचे आकडे बघा. तासाला नळीतून आणि फोलीतून किती आलं, वेगवेगळं. नळीतली लघवी अचानक थांबली आणि ड्रेसिंग ओलं व्हायला लागलं तर नळी गुठळीने तुंबलीय किंवा दुमडलीय. आधी पेशंटच्या पाठीखाली हात घालून दुमड बघा, मग आम्हाला बोलवा. सलाइनने धुवायची वेळ आली तर ५ ते १० मिली, हलक्या हाताने, जोर लावून नाही. तुंबलेल्या लघवीत जंतू असतील तर जोराने ते रक्तात ढकलले जातात. नाडी ११० च्या वर, बीपी उतरतंय, पोट ताठतंय किंवा हुडहुडी भरली, आणि पेशंट म्हणतोय 'मला काही दुखत नाही', तर मला झोपेतून उठवा.

रात्रपाळी

आणि दुखतंय, सारखं वाढतंय, ब्लॉक देऊन चारच तास झालेत, असं असेल तर?

पाठीराखा

तर दोघांनाही उठवा. ब्लॉक बसलाच नसेल तर कळ पहिल्यापासून असते. आधी नव्हती आणि चौथ्या तासाला चढत चाललीय, तर दुसरा ट्रामाडॉल भरण्याआधी हिमोग्लोबिन पाठवा आणि किडनीभोवती सोनोग्राफीचा प्रोब ठेवायला सांगा.